हा पाहुणा कोण गावचा?

समुद्रमार्गे आलेल्या उपऱ्या जिवाचे नाव, गाव आणि वाट त्याच्या डीएनएवरून कळू शकते. पण त्यासाठी किनाऱ्यावर आधीपासून कोण राहत होते, याची नोंद हवी. नवे बंदर उभे राहण्यापूर्वी ही नोंद करण्याची संधी एकदाच मिळते.

गाजरगवत ओळखायला शास्त्रज्ञ लागत नाही. पुण्यात १९५५ च्या सुमारास नोंदले गेलेले हे परदेशी तण आज देशभरातल्या पडीक जमिनींवर, रस्त्यांच्या कडेला आणि बांधांवर दिसते. घाणेरी डोंगरउतारावर माजलेली दिसते. जलपर्णीने नदी झाकली की पुलावरून जाणाऱ्यालाही ते कळते. जमिनीवरची आणि गोड्या पाण्यातली ही आक्रमणे निदान डोळ्यांना दिसतात. समुद्रात तीही सोय नाही. तिथे परका शिंपला धक्क्याखालच्या खांबाला चिकटून वाढतो, परके शेवाळ खडकावर पसरते आणि परक्या खेकड्याची सूक्ष्म पिल्ले प्रवाहाबरोबर शेकडो किलोमीटर वाहत जातात. एखाद्या मच्छीमाराच्या जाळ्यात किंवा शिंपल्या वेचणाऱ्या बाईच्या हाती काहीतरी अनोळखी लागते, तोवर बहुतेक वेळा उशीर झालेला असतो.

हे जीव येतात ते मुख्यतः जहाजांतून. रिकामे मालवाहू जहाज तोल राखण्यासाठी टाक्यांमध्ये समुद्राचे पाणी भरून घेते आणि जिथे माल भरायचा त्या बंदरात ते सोडून देते. या ‘बॅलास्ट’ पाण्याबरोबर माशांची अंडी, शिंपल्यांची पिल्ले, सूक्ष्म वनस्पती आणि जिवाणू एका महासागरातून दुसऱ्या महासागरात जातात. जहाजाच्या तळाला चिकटून येणारे वेगळेच. काही जीव मत्स्यालयाच्या धंद्यातून, काही मत्स्यशेतीतून सुटतात. जैवविविधतेवरील आंतरशासकीय मंचाच्या २०२३ च्या अहवालानुसार, माणसाच्या हातून जगभर नव्या प्रदेशांत पोहोचलेल्या प्रजाती ३७ हजारांहून अधिक आहेत. त्यातल्या साडेतीन हजारांहून अधिक अपायकारक ठरल्या असून २०१९ मध्ये त्यांच्यापायी झालेले नुकसान ४२३ अब्ज डॉलरच्या पुढे गेले होते. ही संख्या जमीन, गोडे पाणी आणि समुद्र मिळून आहे. समुद्रातला वाटा नेमका सांगणे अवघड, कारण तिथे मुळात आलेला पाहुणा कोण हेच पुष्कळदा ठाऊक नसते.

ही ओळख पटवण्याचे काम आता जनुकशास्त्र करते. ते किती मोलाचे आहे हे भूमध्य समुद्रातल्या एका शेवाळाच्या कथेवरून कळते. ‘कॉलेर्पा टॅक्सिफोलिया’ हे उष्ण समुद्रातले, पिसासारख्या पानांचे हिरवेगार शेवाळ मत्स्यालयांत शोभेसाठी लावले जाई. १९८४ मध्ये मोनॅको येथील सागरी संग्रहालयाच्या खालच्या बाजूला समुद्रतळावर त्याचा जेमतेम एक चौरस मीटरचा पट्टा आढळला. तो तेव्हा हाताने उपटून टाकता आला असता. त्याऐवजी सुरू झाला वाद. नीस विद्यापीठाचे आलेक्सांद्र मेनेझ हे संशोधक म्हणत होते की शेवाळ मत्स्यालयातून सुटले आहे. दुसरी बाजू म्हणत होती की ते पूर्वेकडून आपोआप आले आहे, किंवा तिथल्याच एका जुन्या शेवाळाने रूप बदलले आहे. १९८९ पर्यंत शेवाळ हेक्टरभर पसरले होते. १९९० च्या दशकाअखेरीस ते हजारो हेक्टरांवर गेले. त्या सुमारास डीएनएची तुलना झाली आणि युरोपातल्या मत्स्यालयांतला वाण व समुद्रातला वाण एकच असल्याचे दिसले. उत्तर मिळाले खरे, पण उपटण्याची वेळ केव्हाच निघून गेली होती.

याच उत्तराचा उपयोग जगाच्या दुसऱ्या टोकाला झाला. जून २००० मध्ये अमेरिकेत कॅलिफोर्नियातील कार्ल्सबाड इथल्या खाडीत पाणबुड्यांना असेच शेवाळ दिसले. डीएनए तपासणीत ते भूमध्य समुद्रातल्याच वाणाचे निघाले. आता वादाला जागा उरली नाही. अवघ्या काही आठवड्यांत शेवाळाचे पट्टे ताडपत्रीने झाकून त्याखाली क्लोरीन सोडण्याचे काम सुरू झाले. सहा वर्षे आणि ७० लाख डॉलरहून अधिक खर्च झाला, पण २००६ मध्ये ते शेवाळ तिथून संपल्याचे जाहीर करता आले. शेवाळ एकच, समुद्रही दोन्हीकडे मानवणारा. फरक पडला तो ओळख किती लवकर पटली याने.

ओळख पटवण्याची रीत तशी सोपी आहे. प्राण्यांच्या पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात एक ठरावीक जनुक असते. त्यातला सुमारे साडेसहाशे अक्षरांचा तुकडा प्रजातीगणिक वेगळा असतो. कॅनडातील ग्वेल्फ विद्यापीठाचे पॉल हेबर्ट यांनी २००३ मध्ये हा तुकडा दुकानातल्या मालावरच्या बारकोडसारखा वापरता येईल असे मांडले आणि ‘डीएनए बारकोडिंग’ हे नाव रूढ झाले. पिल्लू असो, अंडे असो वा कवचाचा आतला मांसाचा कण, त्यावरून प्रजाती सांगता येते. शिंपल्यांच्या बाबतीत याची गरज फार, कारण एकाच प्रजातीच्या कवचाचे रंग अनेक असतात आणि दोन वेगळ्या प्रजाती जुळ्या बहिणींसारख्या दिसतात.

‘मायटेला स्ट्रिगाटा’ हा लॅटिन अमेरिकेच्या किनाऱ्यावरचा शिंपला हे त्याचे ताजे उदाहरण. तो काळा, तपकिरी आणि हिरवाही असतो. त्यामुळे आशियातल्या नेहमीच्या हिरव्या शिंपल्यात, म्हणजे कोकण-गोव्याकडच्या शिणाण्यांत, तो सहज मिसळून जातो. सिंगापूरमध्ये २०१६ मध्ये तो आढळला तेव्हा बाह्यरूपाच्या जोडीला डीएनए तपासून त्याचे नाव निश्चित करावे लागले. २०१९ मध्ये केरळच्या खाडीपाण्यातून त्याच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यात अष्टमुडी सरोवरही आहे. या सरोवरातल्या शिंपल्यांच्या मासेमारीला २०१४ मध्ये ‘मरीन स्टुअर्डशिप कौन्सिल’चे शाश्वततेचे प्रमाणपत्र मिळाले होते, आणि ते मिळवणारी ती देशातली पहिली मासेमारी होती. काही हजार घरे ज्या शिंपल्यांवर चालतात, त्यांच्या जागेवर आता परका शिंपला दाटीवाटीने वाढतो आहे. केरळ आणि कोकण यांच्यामध्ये कोणतीही भिंत नाही. तीच मासेमारी, तेच प्रवाह, आणि बंदरामागून बंदर घेत जाणारी तीच जहाजे.

नाव कळल्यावर पुढचा प्रश्न येतो गावाचा. कंगवा-जेली म्हणून ओळखला जाणारा ‘नेमिऑप्सिस’ हा पारदर्शक, जेलीफिशसारखा जीव अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरचा. १९८० च्या दशकाच्या आरंभी तो जहाजांच्या पाण्यातून काळ्या समुद्रात पोहोचला. माशांची अंडी आणि माशांचे खाद्य दोन्ही तो फस्त करतो. दशकाच्या अखेरीस काळ्या समुद्रातला अँचोव्ही या छोट्या माशाचा धंदा कोसळला; अतिमासेमारीबरोबर या जिवाचाही त्यात हात होता. पुढे २००५-०६ च्या सुमारास तो बाल्टिक आणि उत्तर समुद्रात दिसला, तेव्हा साहजिकच काळ्या समुद्राकडे बोट दाखवले गेले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासाने ही समजूत खोडून काढली. काळ्या समुद्रातले जीव मेक्सिकोच्या आखाताकडचे होते, तर बाल्टिकमधले अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्याकडचे. म्हणजे आक्रमणे दोन, वाटाही दोन. केवळ काळ्या समुद्रातून येणाऱ्या जहाजांवर पहारा ठेवला असता, तर तो चुकीच्या दारावरचा पहारा ठरला असता.

तिसरा प्रश्न असतो, पाहुणा किती वेळा आला? युरोपीय हिरवा खेकडा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर १८१७ मध्ये नोंदला गेला. शिंपल्यांवर ताव मारणारा हा खेकडा हळूहळू उत्तरेला सरकत कॅनडापर्यंत गेला. विसाव्या शतकाच्या शेवटी तो नोव्हा स्कोशियाच्या थंड उत्तर भागातही जोमाने पसरू लागला, तेव्हा जुन्याच वस्तीला थंडी सोसण्याची सवय झाली असावी असे वाटले. २००६ मध्ये अमेरिकी संशोधक जो रोमन यांनी डीएनए तपासला तर उत्तरेकडच्या खेकड्यांमध्ये दक्षिणेत न सापडणाऱ्या कितीतरी जनुकीय खुणा निघाल्या. युरोपातून दुसरी खेप येऊन पोहोचली होती, आणि दोन्ही खेपांचे खेकडे दिसायला एकसारखे असल्याने ती कोणाच्या ध्यानातच आली नव्हती. यातला धडा साधा आहे. परकी प्रजाती एकदा आली म्हणून दार बंद करण्यात अर्थ उरत नाही, असे नाही. नवी खेप जुन्या वस्तीला नवे बळ देते.

याच खेकड्याने उलटा धडाही दिला. १९८९ च्या सुमारास तो सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात सापडला. तिथली वस्ती पूर्व किनाऱ्यावरून आलेल्या मोजक्या खेकड्यांपासून वाढली असे तिची जनुके सांगतात. मोजक्या पूर्वजांची प्रजा जनुकीयदृष्ट्या गरीब असते आणि नव्या हवामानापुढे टिकत नाही, असे पाठ्यपुस्तक म्हणते. हा खेकडा मात्र २०२२ मध्ये अलास्कापर्यंत पोहोचला. अमेरिकेतील वुड्स होल सागरी संशोधन संस्थेच्या कॅरोलिन टेपोल्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याचे एक कारण सापडले. या खेकड्यांच्या जनुकसंचात तापमानाशी निगडित असा एक मोठा, एकत्र वारशाने जाणारा भाग आहे. त्याची वेगवेगळी रूपे मोजक्या पूर्वजांबरोबरही आली आणि थंड-उबदार किनाऱ्यानुसार त्यांचे प्रमाण काही पिढ्यांतच बदलले. थोडेच आले आहेत, आपोआप मरतील, हा हिशेब म्हणूनच धोक्याचा.

हा विषय मासळीपुरता नाही, आरोग्याचाही आहे. १९९१ मध्ये दक्षिण अमेरिकेत कॉलऱ्याची मोठी साथ पसरली. त्याच काळात अमेरिकेतील अलाबामा राज्याच्या मोबाइल उपसागरातल्या कालवांमध्ये कॉलऱ्याचा जिवाणू सापडला. तो स्थानिक होता की बाहेरचा? त्याचा डीएनए ठसा त्या किनाऱ्यावर आधीपासून माहीत असलेल्या जिवाणूशी जुळला नाही. दक्षिण अमेरिकेतल्या साथीच्या जिवाणूशी जुळला. पुढे त्या भागातून आलेली १९ जहाजे तपासली गेली आणि पाच जहाजांच्या पाण्यात तोच जिवाणू आढळला. कालवे कच्ची खाणाऱ्या समाजात ही ओळख उशिरा पटली असती तर काय झाले असते, हे सांगायला नको.

आता तर जीव हाती लागण्याचीही गरज उरलेली नाही. प्रत्येक जीव विष्ठा, श्लेष्मा, त्वचेच्या पेशी यांच्या रूपाने पाण्यात डीएनए सोडत असतो. बंदरातले थोडे पाणी गाळून त्यातला हा ‘पर्यावरणीय डीएनए’ वाचला की कोणकोणते जीव तिथे आहेत याचा अंदाज येतो. पाणबुडे उतरवण्यापेक्षा हे स्वस्त आहे, आणि गढूळ पाण्याच्या बंदरात तर फारच सोयीचे.

त्याच्या मर्यादाही ध्यानात ठेवायला हव्यात. पाण्यातला डीएनए जिवंत प्राण्याचा की मेलेल्याचा, हे साध्या चाचणीत कळत नाही. जहाजाने ओतलेल्या पाण्यातून किंवा मासळी बाजाराच्या सांडपाण्यातूनही तो येऊ शकतो. त्यामुळे पाण्यात खूण सापडली तर प्रत्यक्ष जीव शोधून खात्री करावीच लागते. सर्वांत मोठी अडचण वेगळीच आहे. बारकोड वाचता आला तरी तो कोणाचा हे सांगणारी यादी हवी. आपल्या किनाऱ्यावरच्या अनेक छोट्या जिवांचे बारकोड अजून कोणी नोंदवलेले नाहीत. अशा वेळी चाचणी फक्त ‘अनोळखी’ एवढेच सांगते. मग तो पिढ्यान्‌पिढ्यांचा रहिवासी असो की कालचा उपरा.

मुंबईला या अडचणीची जुनी ओळख आहे. कॅरिबियन भागातला काळ्या पट्ट्यांचा ‘मायटिलॉप्सिस’ हा शिंपला १९६७ च्या सुमारास विशाखापट्टणम बंदरात आणि १९७० च्या दशकात मुंबईच्या गोदीत नोंदला गेला. तो आजही भारतीय बंदरांत आहे. जहाजांचे तळ, खांब, पाण्याचे नळ यांवर त्याचे थर चढतात. हाच शिंपला मार्च १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातील डार्विनच्या नौकातळांत सापडला. तिथे सहा महिन्यांपूर्वीच्याच पाहणीत तो नव्हता, याची नोंद हाताशी होती. म्हणजे आक्रमण अगदी ताजे होते. भरती-ओहोटीसाठी बांधलेले दरवाजे असल्यामुळे ते तळ बंद करता आले, पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद सोडून काही आठवड्यांत शिंपल्याचा नायनाट करण्यात आला. त्या पाण्यातले इतर जीवही मेले, तो त्याचा मोबदला होता. मुंबईचा उपसागर असा कोंडता येत नाही. तिथे एकच मार्ग उरतो, शिरकाव होताच ओळखणे.

हे भारताला ठाऊक नाही असे नाही. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या ‘ग्लोबॅलास्ट’ कार्यक्रमात जगातली जी सहा ठिकाणे पथदर्शी म्हणून निवडली गेली, त्यांत मुंबई होती. २००० नंतरच्या काही वर्षांत गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबईच्या बंदरांतल्या जिवांची पाहणी केली. जहाजांच्या पाण्याविषयीचा जागतिक करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू झाला. शुद्धीकरण करून सोडलेल्या एक घनमीटर पाण्यात ५० मायक्रॉन वा त्याहून मोठे जिवंत जीव दहापेक्षा कमी असावेत, असा त्याचा दंडक आहे. जहाजाच्या तळाला चिकटून येणाऱ्या जिवांबाबत मात्र अजून सक्तीचा जागतिक करार नाही, केवळ मार्गदर्शक सूचना आहेत. म्हणजे एक दार निम्मे लागले आहे, दुसरे सताड उघडे आहे.

अशा वेळी पालघर जिल्ह्यात डहाणूजवळ वाढवण बंदर उभे राहते आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याला मंजुरी दिली. खर्च सुमारे ७६ हजार कोटी रुपये. या बंदराला तिथल्या मच्छीमारांचा विरोध आहे आणि बंदर हवे की नको हा वाद वेगळा. पण ते होणार असेल, तर जगभरातली मोठी जहाजे येण्याआधी या किनाऱ्यावरचे जीव कोण, याचे जनुकीय दप्तर तयार होणे ही किमान गोष्ट आहे. बंदर सुरू झाल्यावर ते करता येणार नाही. तेव्हा सापडलेला प्रत्येक अनोळखी शिंपला ‘इथलाच असेल’ या एका वाक्याने निकाली निघेल.

या दप्तरासाठी लागणाऱ्या गोष्टी फार नाहीत. खडक, चिखल, खाडी आणि खुल्या समुद्रातले नमुने वर्षाच्या सर्व ऋतूंत गोळा करायला हवेत, कारण पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडसर होते आणि तिथली वस्ती बदलते. हे नमुने अल्कोहोलमध्ये जपायला हवेत. फॉर्मालिनमध्ये आकार टिकतो, पण डीएनए खराब होतो, म्हणून जुन्या पाहण्यांतल्या बरण्या आज जनुकीय तपासाला फारशा उपयोगी पडत नाहीत. स्थानिक प्रजातींचे बारकोड खुल्या यादीत टाकायला हवेत. त्यानंतर मुंबई, न्हावाशेवा, मुरगाव आणि वाढवण इथल्या पाण्याची ठरावीक काळाने डीएनए चाचणी व्हावी. मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था आहे, गोव्यात समुद्रविज्ञान संस्था आहे. जाणकारांची वानवा नाही. हा खर्च बंदर प्रकल्पाच्या खर्चात आरंभापासून धरला, तर त्याची वेगळी टोचणी जाणवणारही नाही.

दोन गोष्टी मात्र प्रयोगशाळेबाहेरच्या आहेत. पहिली म्हणजे मच्छीमारांचा सहभाग. समुद्रातला बदल सर्वांत आधी ज्यांच्या हाताला लागतो, त्यांनी अनोळखी शिंपला किंवा खेकडा कुठे नेऊन द्यायचा आणि त्याचे पुढे काय झाले हे त्यांना कोण सांगणार, याची व्यवस्था हवी. दुसरी म्हणजे निर्णय. परका जीव सापडला तर बंदर प्राधिकरण, नौवहन महासंचालनालय, वन खाते आणि मत्स्य खाते यांपैकी कोणी, किती दिवसांत, काय करायचे हे आधी लिहून ठेवलेले हवे. ते नसेल तर अचूक डीएनए अहवालही फायलींतून फिरत राहील आणि तोवर शिंपल्याची पुढची पिढी वाढलेली असेल.

मोनॅकोत पाच वर्षांत एका चौरस मीटरचा एक हेक्टर झाला. तेव्हा शेवाळाचे मूळ तपासून देणारे शास्त्र आजच्याइतके हाताशी नव्हते. आज ते शास्त्र आहे, माणसे आहेत आणि वाढवणचा किनारा अजून मोठ्या जहाजांनी पाहिलेला नाही. तिथल्या शिंपल्या, चिंबोऱ्या आणि बोंबील यांची नोंद आत्ता झाली, तर उद्या धक्क्याला चिकटलेला पाहुणा कोण गावचा हे विचारताना निदान घरच्या माणसांची यादी हातात असेल.